कमी दिवसांच्या बाळाला दूध कधी द्यायचं? तराजू घेऊन या प्रश्नाच्या मागे लागलेले डॉक्टर पिएर ब्युदँ

जळगाव जामोद नाहीतर संग्रामपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या गावात एक बाई दिवस भरायच्या आधीच बाळंत होते. बाळ जेमतेम दीड किलोचं. छाती आत ओढली जातेय, श्वास घेताना कण्हल्यासारखा आवाज येतोय. मग अँब्युलन्स, मग मोठा दवाखाना, आणि तिथे बाळ काचेच्या पेटीत. बुलढाणा जिल्ह्यातल्या घराघरांत हा प्रसंग कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत घडलेला असतो.

कक्षाच्या बाहेर नातेवाईक बसलेले असतात. आजीला एकच काळजी. लेकराच्या पोटात काही गेलंय का? उपाशीपोटी ते तग कसं धरणार? आणि शेजारी बसलेली मावशी म्हणते की आत्ता दूध नकोच, ठसका लागला तर छातीत जाईल.

गंमत अशी की आजीचंही बरोबर आहे आणि मावशीचंही. या दोन भीतींच्या मधून वाट कशी काढायची, यावर जगभरातले डॉक्टर दीडशे वर्षं डोकं खपवत आलेत. आणि या वाटेवर सगळ्यात आधी हिशोबाची वही आणि तराजू घेऊन जे बसले, त्यांत एक ठळक नाव होतं पिएर ब्युदँ.

वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत हे नाव मानाने घेतलं जातं. नवजात बाळांच्या उपचाराचा पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. पण दवाखान्याबाहेरच्या जगाला ते फारसे माहीत नाहीत.

आधी मूळ अडचण समजून घेऊ

दूध ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं बाळाला एकाच वेळी, एका तालात करावी लागतात. हा ताल साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमाराला जमायला लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला तोंडाने दूध पाजलं, तर ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जायचा धोका असतो. त्यात बाळाला धाप लागलेली असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणजे मावशीची भीती खरी.

दुसरी बाजू अशी. बाळाच्या अंगावर चरबी चढते आणि यकृतात साखरेचा साठा होतो, तो मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत. जे बाळ त्याआधीच बाहेर आलं, त्याच्याकडे शिदोरीच नसते. पूर्ण दिवसांचं धडधाकट बाळ अंगच्या साठ्यावर बरेच दिवस काढू शकतं. एक किलोच्या बाळाकडे मात्र अंदाजे चार-पाच दिवस पुरेल एवढंच असतं. त्यात श्वासासाठी झगडताना त्याची ताकद आणखी खर्च होते. म्हणजे आजीची भीतीही खरी.

आज या कोड्यावर नळी आहे, सलाईन आहे, यंत्रं आहेत. ब्युदँ यांच्या काळात यातलं जवळपास काहीच नव्हतं.

पहिलाच प्रश्न वेळेचा

पिएर ब्युदँ यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८४६ चा. फ्रान्सच्या उत्तरेकडे वाझ नावाचा एक जिल्हा आहे, तिथल्या एका छोट्या गावातला. वैद्यकीच्या शिक्षणासाठी ते पॅरिसला आले आणि बाळंतपणाच्या शास्त्राकडे वळले. तिथे त्यांना गुरू मिळाले स्तेफान तार्निए, त्या काळातले फ्रान्सचे अतिशय नावाजलेले प्रसूतितज्ज्ञ.

फ्रान्सचा तो काळ वाईट होता. १८७०-७१ च्या युद्धात जर्मनांकडून दारुण पराभव झालेला. शेजारच्या जर्मनीची लोकसंख्या वाढतेय आणि फ्रान्समध्ये जन्माला येणाऱ्या मुलांची संख्या घटतेय, अशी चिंता राज्यकर्त्यांना पोखरत होती. जी मुलं जन्मतात, ती तरी जगवा, असा विचार जोर धरू लागला होता. तरीही दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळांकडे बहुतेक डॉक्टर फिरकत नसत. ही बाळं जगायची नाहीतच, असं धरून चालत. त्यांना फ्रेंचमध्ये जो शब्द होता, त्याचा अर्थच मुळी दुबळे असा होता.

१८७५ साली, वयाच्या तिशीच्या आतच, ब्युदँ यांनी एक साधा प्रश्न हातात घेतला. बाळाची नाळ नेमकी कधी बांधायची?

तोवरचा शिरस्ता असा, की बाळ बाहेर आलं की लगेच नाळ बांधायची. ब्युदँ यांनी काय केलं, तर लगेच बांधली तर वारेत किती रक्त उरतं आणि थोडं थांबून बांधली तर किती उरतं, हे मोजलं. फरक निघाला सुमारे ९० मिलिलिटरचा. एवढं रक्त बाळाच्या हक्काचं, आणि घाईपायी ते बाळाला मिळतच नव्हतं. एवढ्याशा जिवासाठी हे नुकसान लहान नव्हतं.

आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळाला तातडीने श्वास द्यायची गरज नसेल, तर नाळ बांधायला किमान १ मिनिट थांबावं. म्हणजे तिशीच्या आतल्या या पोराचं म्हणणं जगाला पटायला शंभराहून जास्त वर्षं गेली.

त्यांच्या कामाची पद्धत इथेच दिसते. सगळे जे सवयीने करतात, ते मोजून बघायचं. आणि काय करायचं याच्याइतकंच कधी करायचं हेही विचारायचं.

कोंबडीच्या पिल्लांवरून आलेली पेटी

त्याच सुमाराला गुरू तार्निए पॅरिसच्या प्राणीसंग्रहालयात गेले होते. तिथे अंडी उबवायची पेटी होती. ती बघून त्यांच्या मनात आलं, की अशीच पेटी माणसाच्या पिल्लासाठी का नको? त्यांनी तिथल्याच कारागिराकडून पेटी बनवून घेतली आणि १८८०-८१ च्या सुमाराला ती पॅरिसच्या मातेर्निते या सरकारी प्रसूतिगृहात बसवली. गरम पाण्याच्या उबेवर ती चालायची.

निकाल डोळे दिपवणारा होता. २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आलं. बुलढाण्यात आज जिला लोक काचेची पेटी म्हणतात, तिची ही पणजी.

पण ऊब मिळाली म्हणून पोट भरत नाही. पेटीत ठेवलेली बरीच बाळं इतकी अशक्त असत, की त्यांना दूध ओढताच यायचं नाही. तार्निए यांनी त्यावरही वाट काढली. मऊ रबराची बारीक नळी तोंडातून थेट पोटात सोडायची आणि वरून थोडं थोडं दूध ओतायचं. आज नवजात कक्षात बाळाच्या तोंडातून किंवा नाकातून जी बारीक नळी गेलेली दिसते, तिची सुरुवात ही अशी १८८० च्या दशकातली.

इकडे त्याच काळात महाराष्ट्रात काय चाललं होतं? कल्याणच्या आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ अवघं दहा दिवसांचं होऊन गेलं. वेळेवर डॉक्टर मिळाला नाही, हे दुःख घेऊन ही मुलगी सातासमुद्रापार फिलाडेल्फियाला गेली. १८८६ साली डॉक्टर झाली, आणि तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पण १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षांची व्हायच्या आतच क्षयाने ती गेली. पॅरिसमध्ये पेट्या गरम होत होत्या तेव्हा इथे बाळ जगणं हा नशिबाचा भाग होता. आणि खरं सांगायचं तर पॅरिसच्या गरिबांसाठीही तो बराचसा नशिबाचाच भाग होता.

पेटीतलं बाळ निळं का पडतं?

मातेर्नितेमध्ये १८९३ साली दुबळ्या बाळांसाठी वेगळा विभाग सुरू झाला. तो उभा केला तिथल्या मुख्य सुईण मादाम आंरी यांनी. १८९५ मध्ये हा विभाग ब्युदँ यांच्याकडे आला.

विभागाची अवस्था बिकट होती. शहरभरातून बाळं आणली जात. वाटेतच ती थंडीने गारठलेली असत. विभागात पोचल्यावर एकाचा आजार दुसऱ्याला लागे. ब्युदँ यांनी आजारी बाळं वेगळी काढली, स्वच्छतेचे नियम घातले. आणि वजनाचा काटा आणून ठेवला.

त्यांनी या बाळांपुढची संकटं तीन गटांत मांडली. पहिलं, ऊब. दुसरं, अन्न. तिसरं, आजार. आजही नवजात कक्षात शिकायला येणाऱ्या नर्सला जवळजवळ याच क्रमाने शिकवतात. फरक एवढाच की श्वासासाठी आता स्वतंत्र धडा असतो.

ब्युदँ यांच्याकडे श्वासाचं यंत्र नव्हतं. अधूनमधून एखादं बाळ श्वास घ्यायचं थांबे, ओठ निळे पडत, अंग काळवंडे. यातली बरीच बाळं जात. सगळे समजत की फुप्फुसं कच्ची, त्याला कोण काय करणार?

फुप्फुसं कच्ची असायचीच, यात वाद नाही. पण ब्युदँ यांच्या वहीत वेगळंच काही दिसायला लागलं. रोजचं वजन, रोजचं दूध आणि निळं पडण्याच्या वेळा त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. तेव्हा लक्षात आलं की काही बाळं निळी पडतात, कारण त्यांच्या पोटात पुरेसं गेलेलंच नसतं. दूध वाढवलं की हे झटके कमी होतात. आणि काही बाळांचं उलट होतं. त्यांना एकदम जास्त पाजलं की पोट फुगतं, उलटी होते, श्वास अडकतो.

इथे गोष्ट उलटी झाली. तोवर समज असा, की श्वास सुधारला की मग दूध बघू. ब्युदँ यांना दिसलं की काही बाळांचा श्वास सुधारतच नाही, कारण दुधाची वाट बघत बघत ती उपाशी राहिलेली असतात.

मग त्यांनी दुधाचं वेळापत्रक बसवलं. प्रत्येक बाळाला त्याच्या वजनाच्या हिशोबाने दूध. पाजण्याआधी वजन, पाजल्यावर वजन, म्हणजे किती गेलं ते ग्रॅममध्ये कळतं. थोडं थोडं, पण वरचेवर. ओढता येत असेल तर अंगावर. ओढता येत नसेल तर चमच्याने, आपल्याकडे बोंडल्याने पाजायचे तसं. तेही जमत नसेल तर नळीने. आणि रोज वहीत नोंद.

दूध कुणाचं? तर बाईचं. या बाबतीत ब्युदँ हट्टी होते. गायीचं दूध या बाळांना पचत नाही, जुलाब होतात आणि बाळ हातचं जातं, हे त्यांनी पुरेपूर पाहिलं होतं. म्हणून विभागात दूधआया ठेवलेल्या असत. या आयांची स्वतःची मुलंही सोबत राहत. त्यात माणुसकी होतीच, शिवाय हिशोबही होता. दुबळं बाळ फार थोडं ओढतं, तेवढ्याने बाईचं दूध आटत जातं. तिचं स्वतःचं धष्टपुष्ट मूल अंगावर पीत राहिलं की दूध टिकतं.

आईला बाहेर ठेवू नका

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि तिने ते अस्वस्थ झाले. बाळ पेटीत आणि आई घरी, असं काही आठवडे चाललं की आईचं दूध आटतं. आणि जिला बाळाला पाजायलाच मिळालं नाही, ती आई हळूहळू बाळाची विचारपूसही कमी करते. पेटीने वाचवलेली काही बाळं घरी गेल्यावर दुर्लक्षाने जात होती.

म्हणून ब्युदँ यांनी काचेच्या भिंतींची पेटी उचलून धरली. आईला बाळ दिसलं पाहिजे. आईने विभागात यावं, जमेल तेव्हा पाजावं. बाळ ओढण्याइतकं मोठं होईपर्यंत दूध टिकावं म्हणून तिने दुसऱ्या सशक्त बाळाला पाजलं तरी चालेल.

आज बऱ्याच नवजात कक्षांमध्ये आईला आत बोलावतात. बाळ तिच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधतात. त्याला कांगारू पद्धत म्हणतात. ती १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिथे पेट्याच कमी पडत होत्या. ब्युदँ यांनी ही पद्धत काही शोधली नाही. पण आई ही दवाखान्यातली पाहुणी नाही, ती उपचाराचा भाग आहे, हे ते १८९० च्या दशकात सांगत होते.

घरी गेलेल्या बाळाचं पुढे काय?

ब्युदँ यांच्या आयुष्यातला हा भाग आपल्या गावातल्या कुठल्याही बाईला लगेच ओळखीचा वाटेल.

मातेर्नितेला यायच्या आधी ते पॅरिसच्या शारिते या दवाखान्यात होते. तिथे बाळंत झालेल्या गरीब बायका मुलाला घेऊन घरी जात आणि काही महिन्यांत त्यातली कितीतरी मुलं जुलाबाने मरत. उन्हाळ्यात तर फारच. नासकं दूध, घाणेरड्या बाटल्या. दवाखान्यात वाचवायचं आणि घरी मरू द्यायचं, याला काय अर्थ?

१८९२ साली ब्युदँ यांनी शारितेमध्ये एक नवीन प्रकार सुरू केला. इथे बाळंत झालेल्या आयांनी मूल घेऊन नेमाने यायचं. मूल आजारी असो वा नसो. मुलाचं वजन करायचं, वहीत लिहायचं, मागच्या वेळेशी ताडून बघायचं. वजन वाढत असेल तर आईची पाठ थोपटायची. वाढत नसेल तर का, ते शोधायचं. अंगावरच पाजा, असा आग्रह. ज्या आईला दूध पुरत नाही तिला उकळून निर्जंतुक केलेलं दूध दवाखान्यातूनच द्यायचं.

निरोगी मुलाला डॉक्टरकडे न्यायचं, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. दोन वर्षांत लेओं द्युफूर नावाच्या डॉक्टरांनी फेकां या बंदराच्या गावी दुधाचं केंद्र काढलं. त्याचं नाव होतं दुधाचा थेंब. अशी केंद्रं मग फ्रान्सभर आणि फ्रान्सबाहेरही निघाली.

आपल्याकडे अंगणवाडी सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला. तिथला वजनकाटा, तिथला वाढीचा तक्ता आणि वजन कमी भरलं की सेविकेच्या कपाळावर पडणारी आठी, हे सगळं ब्युदँ यांनी पाहिलं असतं तर त्यांना आपल्या शारितेची आठवण झाली असती.

पेट्यांची जत्रा

१८९८ मध्ये ब्युदँ प्राध्यापक झाले आणि गुरूंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तार्निए क्लिनिकमध्ये गेले. १९०० साली त्यांची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली. तान्ह्या मुलाचं पोषण आणि निगा हा त्याचा विषय. १९०२ मध्ये बालमृत्यूंविरुद्ध काम करणारी संघटना उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता.

त्यांच्या नावाभोवती एक विचित्र कहाणीही फिरते. १८९६ साली बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात पेट्यांमधली खरीखुरी बाळं लोकांना तिकीट लावून दाखवली गेली. तो प्रकार पुढे अमेरिकेत मार्टिन कूनी नावाच्या माणसाने अनेक दशकं चालवला. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत, पाळणे आणि खेळांच्या शेजारी, त्याचा बाळांचा तंबू असे. आईबापांकडून तो पैसे घेत नसे, तिकिटांवर सगळं भागे. त्याने हजारो बाळं जगवली असं मानलं जातं. आपण ब्युदँ यांचे शिष्य आहोत आणि त्यांनीच आपल्याला बर्लिनला पाठवलं, असं कूनी सांगायचा. इतिहासकारांना ते फारसं पटत नाही. त्याच्याकडे डॉक्टरची पदवी होती का, इथूनच शंका आहे. पण त्याच्या तंबूतही दूधआया होत्या, स्वच्छता होती आणि दुधाच्या वेळा काटेकोर होत्या.

ब्युदँ स्वतः २२ जानेवारी १९०७ रोजी मार्सेय शहरात वारले. वय ६०. त्याच वर्षी त्यांच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर बाहेर आलं.

आणि मग जग ते विसरलं

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण १९४० आणि ५० च्या दशकात वैद्यकशास्त्राने एक उलटं वळण घेतलं.

अमेरिका आणि युरोपातल्या मोठमोठ्या दवाखान्यांत कमी दिवसांच्या बाळांना जन्मानंतर एक दिवस, दोन दिवस, कधी तीन दिवस आणि त्याहूनही जास्त काहीच द्यायचं नाही, अशी पद्धत रुजली. पाणीही नाही. कारण तेच, मावशीचं. दूध छातीत जाईल. शिवाय या बाळांच्या अंगावर सूज असते, म्हणजे अंगात पाणी भरपूर आहे, असाही तर्क होता. हेतू वाईट नव्हता. श्वास लागलेल्या बाळाला त्रास नको, एवढंच मनात होतं.

परिणाम हळूहळू समोर आले. उपाशी बाळांची साखर उतरायची, कावीळ वाढायची. आणि जगलेल्या काही मुलांच्या मेंदूच्या वाढीवर या उपासमारीची सावली पडत असावी, अशी शंका मोठी होत गेली. १९६४ साली ऑक्सफर्डच्या व्हिक्टोरिया स्मॉलपीस आणि पामेला डेव्हिस या दोन डॉक्टर बायकांनी उलट करून दाखवलं. कमी दिवसांच्या बाळांना जन्मानंतर लगेच, पाणी न घालता आईचं दूध नळीने सुरू केलं. साखर उतरण्याचं आणि काविळीचं प्रमाण कमी झालं. ब्युदँ यांच्या वहीतली गोष्ट साठ-सत्तर वर्षांनी पुन्हा नव्याने शिकावी लागली.

श्वासाचं कोडंही त्याच सुमाराला उलगडत होतं. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की या बाळांच्या फुप्फुसांत एक साबणासारखा पातळ थर कमी असतो. त्यामुळे हवेच्या बारीक पिशव्या प्रत्येक श्वासाला मिटतात. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने दोन दिवसांत गेला. वजन सुमारे २ किलो १०० ग्रॅम. म्हणजे आज असं बाळ बहुतेक वेळा वाचतं. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी हा थर औषध म्हणून बाळांच्या फुप्फुसात सोडून दाखवला. दरम्यान १९६० च्या दशकाच्या शेवटी फिलाडेल्फियात एका बाळाला पूर्ण अन्न शिरेतून देऊन वाढवता येतं, हेही सिद्ध झालं होतं.

आज काय करतात?

आज दोन्ही कामं सोबत चालतात. एकीकडे नाकातून हवेचा हलका दाब देऊन फुप्फुसं उघडी ठेवायची. दुसरीकडे पहिल्याच दिवसापासून पोषण. फार लहान बाळाला शिरेतून साखर आणि प्रथिनं, आणि त्याच वेळी नळीने आईच्या चिकाचे काही थेंब. हे थेंब पोट भरायला नसतात. आतड्याला जागं करायला असतात. मग बाळाला मानवेल तसं रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं. घाई केली तर आतड्याला गंभीर इजा व्हायचा धोका असतो, आणि फार थांबलं तर उपासमार. नेमकं कधी आणि किती, हे त्या त्या बाळाकडे बघून तिथला डॉक्टरच ठरवतो.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी दिवसांच्या बाळांसाठी नव्या सूचना काढल्या. लवकरात लवकर आईचं दूध आणि जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ऊब, या दोन्हींवर त्यात भर आहे.

आईचं दूध नसेल तर? मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मानवी दुधाची पेढी सुरू केली. पॅरिसच्या दूधआयांची जागा तिथे फ्रीजमधल्या निर्जंतुक केलेल्या दुधाने घेतली. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले. ते १९९९ मध्ये जगापुढे आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येऊन काटा लावते, त्यामागे हे काम आहे.

कक्षाबाहेरची आजी

बुलढाण्याला मातृतीर्थ जिल्हा म्हणतात, जिजाऊंचं सिंदखेड राजा इथलंच. याच जिल्ह्यात आजही एखाद्या घरात पहिलं चिकाचं दूध पिळून टाकतात आणि बाळाच्या जिभेवर मध किंवा गुळाचं पाणी ठेवतात. धाप लागलेल्या बाळासाठी हे घातक ठरू शकतं. ज्या चिकाच्या थेंबांसाठी नवजात कक्षातली नर्स आईकडे वाटी घेऊन येते, ते थेंब घरी जमिनीवर जातात.

आणि दुसरी अडचण आईची. बाळ शहरातल्या दवाखान्यात, आई ओल्या बाळंतपणात गावी. सासर-माहेर कुणी ना कुणी सांगतं, की आता तिने आराम करावा, बाळाला डॉक्टर बघतायत. चार दिवस दूध काढलं नाही की ते आटायला लागतं. मग बाळ ओढायला शिकतं तेव्हा दूधच नसतं. ब्युदँ यांनी पॅरिसमध्ये नेमकं हेच पाहिलं होतं.

म्हणून बाहेर बसलेल्या आजीने भीत भीत विचारलं, की लेकराच्या पोटात काही गेलंय का, तर तो अडाणी प्रश्न नाही. नर्सला तो जरूर विचारावा. आणि लगेच दुसरंही विचारावं, की आईने दूध कधी, कसं आणि किती वेळा काढून द्यायचं आणि तिला आत कधी येता येईल. आईला बाळाजवळ आणायची गाडी त्याच दिवशी काढावी.